उलट वळण, अपघात आणि कायदा

रस्त्यावर वाहनाच्या ज्या नित्याच्या हालचाली आहेत, त्यांत वाहन परत फिरवणे ही सर्वांत अवघड हालचाल म्हणावी लागेल. इंग्रजी 'यू' या अक्षराच्या आकारावरून तिला 'यू-टर्न' असे नाव पडले, आणि मराठीतही तेच रूढ झाले. सरळ जाणारे वाहन आपल्या प्रवाहाबरोबर असते. डावीकडे वळणारे वाहन प्रवाहाच्या कडेने निघून जाते. परत फिरणारे वाहन मात्र प्रथम आपला प्रवाह सोडते, मग काही क्षण समोरच्या प्रवाहाला आडवे होते आणि शेवटी त्याच प्रवाहात सामील होते. या मधल्या क्षणांत ते कोणत्याच प्रवाहाचे नसते. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर तोडते. परत फिरणाऱ्या मोटारीला रस्ता मोकळा करण्यास पाच सेकंद लागले, तर तेवढ्या अवधीत ते वाहन शंभर मीटरांहून अधिक पुढे आलेले असते. वळणाऱ्याला जे दूर दिसते ते वस्तुतः दूर नसते, हे या अपघातांचे एक मोठे कारण होय.

एक नेहमीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. चित्र कल्पित आहे, पण रस्ता खरा आहे. पुण्याहून सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असा हैदराबादेस जाणारा महामार्ग तीन राज्यांतून जातो. हैदराबादेस सुतारकाम करणारा, मूळचा सोलापूरचा, चौतीस वर्षांचा एक गृहस्थ पत्नीला मागे बसवून मोटारसायकलीवरून गावाकडे निघाला आहे. हुमनाबादच्या आसपास, म्हणजे कर्नाटकाच्या हद्दीत, पलीकडच्या बाजूने जाणारी एक मोटार दुभाजकातल्या मोकळ्या जागेतून एकाएकी वळते. तिला रस्त्याच्या अलीकडे असलेल्या पेट्रोल पंपावर यायचे असते. मोटारसायकल तिच्या डाव्या दारावर आदळते. पत्नीचे मनगट मोडते, आणि सुताराचा उजवा पाय पुढे शस्त्रक्रियेत गुडघ्याखाली काढावा लागतो.

यानंतर अर्ध्या तासात रस्त्यावर जे घडते ते या देशात सर्वत्र सारखेच आहे. गर्दी जमते आणि गर्दीचे न्यायालय भरते. एक पक्ष म्हणतो, वळला त्याचा दोष. दुसरा म्हणतो, मोटारसायकल भरधाव होती. थोड्या वेळाने एक तिसरा, शहाणा वाटणारा आवाज उठतो: पोलिसांत जाऊन काय मिळणार, आपसांत मिटवून टाका. मोटारवाला घाबरलेला असतो, तो दहा-वीस हजार रुपये काढून देतो. जखमीचा भाऊ किंवा मेहुणा, जो कोणी धावत आलेला असेल, तो 'आमची काही तक्रार नाही' अशा मजकुराच्या कागदावर सही करतो. पायाचे काय होणार हे त्या घटकेस डॉक्टरांनाही ठाऊक नसते. असा कागद न्यायाधिकरणाचे दार कायमचे बंद करतोच असे नाही. पण पुढे विमा कंपनीचा वकील पहिल्याने तोच कागद पुढे करतो. त्याहून मोठी हानी अशी की, फिर्यादच न झाल्यामुळे पंचनामा होत नाही, आणि त्या दिवशी रस्त्यावर जे खरोखर होते त्याचा लेखी पुरावा कोठेच राहत नाही. दहा हजारांत जे विकले जाते त्याची किंमत किती असते, याचा हिशेब पुढे येईलच.

कायद्याने पहिली काळजी अर्थातच जिवाची केली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे अपघातात सापडलेल्या वाहनाच्या चालकाने जखमीस वैद्यकीय मदत मिळवून दिली पाहिजे. जमावाच्या क्षोभामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे ते अशक्य झाले असेल, तेवढाच अपवाद. जखमीला उचलून नेणाऱ्या तिऱ्हाइताला आपण साक्षीच्या फेऱ्यात अडकू अशी जी भीती वाटते, ती दूर करण्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ घातले आहे. अशा मदतनिसाला स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. अपघाताचा रुग्ण हा पोलिसांचे कागद येईपर्यंत थांबवून ठेवण्याची वस्तू नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवले. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जी योजना अधिसूचित केली, तिच्याप्रमाणे नेमलेल्या रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख न भरता उपचार मिळू शकतात. रुग्णालयात दाखल करताना 'मोटार अपघात' अशी नोंद स्पष्ट शब्दांत व्हावी, याकडे नातलगांनी लक्ष द्यावे. घाईत 'पडून दुखापत' असे लिहिले गेले, तर तेवढ्या दोन शब्दांवर पुढे उलटतपासणी रंगते.

आता पंचनाम्याकडे वळावे, कारण या प्रकारच्या अपघातात सगळे काही त्याच्यावर अवलंबून असते. वाहन मागून धडकले, तर दोष कोठे आहे हे बहुधा वाहनेच सांगतात. उलट वळणाच्या अपघातात तसे नसते. मोटार दुभाजकाच्या तोंडाशीच होती, की रस्ता जवळजवळ ओलांडून डाव्या कडेला पोचली होती? धक्का तिच्या पुढच्या चाकाजवळ बसला की मागच्या दाराजवळ? रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा होत्या काय, असल्यास किती लांबीच्या? तेथे वळण्यास मनाई करणारी पाटी होती काय? दुभाजकातील ती जागा सरकारी होती, की पंपाच्या आणि ढाब्याच्या सोयीसाठी कोणी दगड काढून केलेली होती? अंधार असेल तर दिवे लागलेले होते काय? मोटारीचा समोरचा भाग दुभाजकापासून किती फुटांवर होता, हा एक आकडाच कित्येकदा दोषाची वाटणी ठरवतो. तो आकडा रस्ता मोकळा होईपर्यंतच मोजता येतो. पाऊण तासाने वाहने बाजूला ओढली गेली की तो नाहीसा होतो.

यास्तव जो कोणी शुद्धीवर आणि उभा असेल, त्याने हातातल्या भ्रमणध्वनीने छायाचित्रे घ्यावीत. वाहनांची जवळून काढलेली छायाचित्रे हवीतच. पण त्यांच्याबरोबर दुभाजक, पाटी, पंप आणि रस्त्याची कडा एकाच चौकटीत येतील अशी दुरून काढलेली छायाचित्रेही हवीत. दोन्ही वाहनांचे क्रमांक घ्यावेत. क्रमांकावरून परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' नोंदवहीत विम्याचा तपशील सापडतो. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले अशा दोघांची नावे आणि पत्ते मिळाले, तर ते सोन्याहून मोलाचे. वर सांगितलेल्या चित्रात पेट्रोल पंप आहे, तेव्हा पंपावर कॅमेराही असणार. अशा कॅमेऱ्यांतील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते. म्हणून ते जपून ठेवावे असा लेखी अर्ज तपासी अंमलदाराकडे आणि पंपचालकाकडे पहिल्या दोन दिवसांतच गेला पाहिजे. असे चित्रण न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, ही गोष्टही वेळीच वकिलाच्या कानावर घालावी.

फिर्याद कोठे द्यावी, हा प्रश्न दूरच्या रस्त्यावर जखमी झालेल्यांना नेहमी पडतो. जखमीला सोलापूरच्या रुग्णालयात हलवले असेल, तर सोलापूरच्या ठाण्यातही खबर देता येते. हद्दीबाहेरचा गुन्हा म्हणून ती नाकारता येत नाही, ती नोंदवून घेऊन संबंधित ठाण्याकडे पाठवावी लागते. पंचनामा मात्र घटनास्थळाच्याच पोलिसांनी करावयाचा, आणि हुमनाबादकडचा पंचनामा कन्नडात असणार. त्याची प्रत मिळवून जाणकाराकडून अक्षरशः वाचून घ्यावी. कुटुंबाला वाचता न येणाऱ्या लिपीत स्वतःच्या विरुद्ध काही लिहिले गेले असेल, तर ते वर्षभराने दाव्यात कळण्यापेक्षा आठ दिवसांत कळलेले बरे. जखमी शुद्धीवर येताच त्याचा जबाब व्हावा हेही तितकेच अगत्याचे आहे. तो बेशुद्ध असताना मोटारवाल्याने जाऊन पहिली फिर्याद दिली आणि तीत मोटारसायकलस्वारच आरोपी झाला, असे प्रकार घडतात.

मग दोष कोणाचा? गर्दीच्या पहिल्या पक्षाच्या मागे नियमाचे बळ आहे खरे. १९८९ च्या रस्ता-नियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या विनियमांत वाहन परत फिरवण्याविषयी स्वतंत्र तरतूद आहे. मनाई असेल तेथे आणि गजबजलेल्या रस्त्यावर फिरू नये. इतरत्र फिरताना इशारा द्यावा, आरशात पाहावे आणि सुरक्षित असेल तेव्हाच वळावे, असा तिचा आशय. सरळ येणाऱ्याचा मार्ग आडवणाऱ्यावर काळजीचा भार अधिक, हे उघड आहे. पण अधिक म्हणजे सगळा नव्हे. सरळ येणाऱ्यालाही वेग आवरण्याचे आणि नजर पुढे ठेवण्याचे कर्तव्य असते, आणि मोटार बराच वेळ आडवी उभी दिसत असताना जो आदळला, त्याला आपण निर्दोष असल्याचे सांगता येत नाही. अशा वेळी न्यायाधिकरण दोष टक्क्यांत वाटते. जखमीच्या वाट्यास जेवढे टक्के येतील, तेवढी त्याची भरपाई कमी होते. यास अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात.

ही वाटणी कशी होते, याचे बोधक उदाहरण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या एका प्रकरणात सापडते. जानेवारी २०१७ मध्ये कोइंबतूर येथे एक विद्यार्थी मोटारसायकलीवरून जात होता. पुढच्या मोटारीच्या चालकाने पत्नीला मळमळू लागल्यामुळे महामार्गावर एकदम ब्रेक लावला. मोटारसायकल मागून आदळली, विद्यार्थी रस्त्यावर पडला, आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. डावा पाय काढावा लागला. येथे मागून धडकलेला विद्यार्थीच होता. तरीसुद्धा न्यायालयाने मोटारचालकाचा दोष ५० टक्के, बसचालकाचा ३० टक्के आणि विद्यार्थ्याचा २० टक्के ठरवला. महामार्गावर मागच्या वाहनांना कोणताही इशारा न देता एकाएकी थांबणे हाच मोठा निष्काळजीपणा, असे त्यामागचे तत्त्व. हे प्रकरण उलट वळणाचे नाही. पण वेगवान रस्त्यावर इतरांना अनपेक्षित असे काही करणाऱ्यावरच मुख्य जबाबदारी येते, हे सूत्र उलट वळणासही लागू पडण्याजोगे आहे.

येथे एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सुताराच्या दोषाचे टक्के त्याच्या पत्नीच्या वाट्यास येत नाहीत. ती मोटारसायकल चालवत नव्हती. तिच्या दृष्टीने दोन्ही चालक तिऱ्हाईतच, आणि दोघांच्या चुकीने तिला दुखापत झाली असेल तर तो संयुक्त निष्काळजीपणा होय. अशा प्रसंगी जखमीला आपली सगळी भरपाई दोघांपैकी कोणाही एकाकडून मागता येते. त्या दोघांनी आपापसांत काय वाटून घ्यावयाचे ते त्यांचे त्यांनी पाहावे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. म्हणून पत्नीचा दावा नेहमी वेगळा करावा आणि तो मोटारीच्या विमा कंपनीविरुद्ध अवश्य करावा. मोटारसायकलीचा विमा केवळ सक्तीपुरता, म्हणजे तिऱ्हाइतांपुरता असेल, तर मागे बसणाऱ्याची जोखीम त्यात बहुधा धरलेली नसते. नवऱ्याच्या विम्यावर भिस्त ठेवून बसलेल्या कित्येक स्त्रियांना हे फार उशिरा कळते.

तीन माणसे बसली होती, परवाना नव्हता, असे मुद्दे कंपनीकडून हटकून येतात. नियमभंगाचा दंड होईल तो निराळा. पण परवाना नसणे म्हणजेच निष्काळजीपणा नव्हे, हे २००८ मध्ये, आणि तिघे बसले एवढ्यावरून त्यांचा दोष ठरत नाही, त्याचा अपघाताशी किंवा दुखापतीशी कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन स्वतंत्र वाटा आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्यास कलम २८१, दुखापतीस कलम १२५ आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्यास कलम १०६ आहे. शेवटच्या अपराधाची शिक्षा पूर्वी दोन वर्षांपर्यंत होती, ती आता पाच वर्षांपर्यंत आहे. हा खटला सरकार चालवते, आणि त्यात दोष संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात तसे नाही. तेथे कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जाते. त्यामुळे मोटारचालक फौजदारी न्यायालयातून सुटला तरी दावा बुडत नाही.

अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद १९३९ च्या जुन्या कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने आली. तत्पूर्वी मृताच्या वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाखाली दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे. आज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करताना दावेदाराला स्थळ निवडता येते: अपघात झाला ते ठिकाण, दावेदार राहतो किंवा धंदा करतो ते ठिकाण, किंवा प्रतिवादी राहतो ते ठिकाण. म्हणजे चित्रातल्या सुताराला एका पायाने बिदर जिल्ह्यात खेपा घालण्याचे कारण नाही. त्याचा दावा हैदराबादेस चालेल. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आणि सुट्टीत महाराष्ट्राच्या वाटेवर असणाऱ्या मराठी कुटुंबांना ही तरतूद किती उपयोगाची आहे, हे सांगावयास नको.

मुदतीचा इतिहास मात्र गमतीचा आहे, गंमत म्हणावी अशी त्याची परिणती नसली तरी. १९८८ च्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. १९९४ मध्ये ती काढून टाकण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा घातली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि केवळ या मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे हाच निर्धोक मार्ग. शिवाय भरपाईवरचे व्याज अर्जाच्या तारखेपूर्वीचे मिळत नसल्यामुळे उशीर अन्यथाही महागच पडतो.

२०२२ च्या नियमांनी पोलिसांवरही वेळापत्रक घातले आहे: ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाकडे जावा. हा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. कुटुंबाने त्यावर विसंबून मात्र राहू नये. ठाण्यात जाऊन अहवाल गेला की नाही याची चौकशी करावी. विमा कंपनीनेही नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत ३० दिवसांत आपला देकार मांडावयाचा असतो. तो मान्य झाला तर न्यायाधिकरण तडजोड नोंदवून घेते. तडजोड म्हणावी ती ही. दुभाजकाशेजारी सही केलेला कागद नव्हे.

आता हिशेब. आपला सुतार महिना २०,००० रुपये मिळवतो असे धरावे. वर्षाचे २,४०,०००. चाळिशीच्या आतील स्वतंत्र व्यावसायिकाच्या उत्पन्नात भावी वाढीसाठी ४० टक्के मिळवावेत, असे २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले. ते धरून ३,३६,०००. वयाच्या ३१ ते ३५ या गटासाठी २००९ च्या निवाड्यातील कोष्टकात १६ हा गुणक आहे. गुणाकार ५३,७६,००० होतो. आता डॉक्टरांच्या दाखल्यावर पायाचे अपंगत्व समजा ६० टक्के लिहिले आहे. त्याप्रमाणे ३२,२५,६०० रुपये येतील. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अवयव किती टक्के गेला हे न पाहता त्या माणसाची कमावण्याची शक्ती किती गेली हे पाहावे. टेबलाशी बसणाऱ्या कारकुनाचा पाय आणि सुताराचा पाय यांची किंमत न्यायालयात सारखी नसते. सुतार उभ्याने रंधा मारतो, शिडीवर चढतो, ओझे उचलतो. त्याची कमाईची शक्ती ८० टक्के गेली असे मानले गेले, तर रक्कम ४३,००,८०० होते. फरक १०,७५,२०० रुपयांचा. तो मिळवण्यासाठी डॉक्टरांची साक्ष आणि सुताराच्या कामाचा पुरावा, म्हणजे गिऱ्हाइकांच्या पावत्या, बँकेतील जमा, मालकाचे पत्र, हे सर्व लागते. उपचाराचा खर्च, कृत्रिम पाय, वेदना आणि शुश्रूषा यांची रक्कम याहून वेगळी. दुर्दैवाने तो दगावला असता, तर दावा पत्नीने, मुलांनी आणि आईने करावयाचा. चार अवलंबितांच्या कुटुंबात त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी उत्पन्नाचा चौथा हिस्सा वजा होतो.

याच ४३ लाखांतून पंचनाम्यातल्या एका चुकीच्या मापामुळे सुताराच्या माथी २५ टक्के दोष बसला असे धरले, तर योगायोगाने पुन्हा नेमके १०,७५,२०० रुपयेच कमी होतात. दुभाजकापासूनच्या त्या चार-दोन फुटांची ही किंमत आहे.

वकिलाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. मोठ्या रुग्णालयांच्या आवारात अशा कुटुंबांना गाठणारे मध्यस्थ फिरत असतात. 'एक पैसा देऊ नका, मिळेल त्यातला तिसरा हिस्सा आमचा' अशी त्यांची बोली असते. अमेरिकेत असा करार वकिलाला करता येतो. भारतात बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालावर अवलंबून असलेली किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणारी फी वकिलाला ठरवता येत नाही, आणि त्याने अशील गोळा करीत हिंडणेही निषिद्ध आहे. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. ऐपत नसणाऱ्यांसाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली जिल्हा न्यायालयांत मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना तर उत्पन्नाची अट न लावता तो मिळतो. म्हणजे चित्रातली पत्नी स्त्री म्हणून आणि पाय गमावलेला सुतार अपंग म्हणून, दोघेही या मदतीस पात्र आहेत. १५१०० या क्रमांकावर त्याची विचारणा करता येते. लोक अदालतीतही दावा मिटवता येतो. मात्र तेथील निवाड्यावर अपील नसते, हे ध्यानात ठेवूनच होकार द्यावा.

मोटारचालकाचीही एक बाजू आहे. परत फिरणारा प्रत्येक जण बेफिकीर नसतो. कित्येकदा पुढचे वळण पाच-सहा किलोमीटरांवर ठेवणारा रस्ताच त्याला मोहात पाडतो. त्याने पळून जाऊ नये. पोलीस तेथे नसतील तर शक्य तितक्या लवकर, आणि कसेही करून २४ तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात खबर द्यावी आणि विमा कंपनीस लेखी कळवावे. वर सांगितलेली कलमे जामीनपात्र आहेत. तिऱ्हाइतांचा विमा चालू असेल, तर जखमींच्या भरपाईचा भार कंपनी उचलते. त्याची स्वतःची दुखापत मात्र या विम्यात येत नाही. त्यासाठी वाहनमालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, आणि तो उतरवलेला आहे की नाही हे बहुतेकांना अपघातानंतरच उमगते.

उलट वळणाचा आणखी एक प्रकार असा की, वाहने एकमेकांना लागतच नाहीत. एकाएकी आडव्या आलेल्या मोटारीला चुकवताना मोटारसायकल दुभाजकावर आपटते आणि मोटार निघून जाते. अशा वेळी 'धडकच नाही तर दावा कसला' असे कुटुंबाला सांगितले जाते. कायद्याचे शब्द 'मोटार वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात' असे आहेत, 'धडक' असे नाहीत. ऑक्टोबर १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यात महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर कलंडला. काही तासांनी सांडलेल्या पेट्रोलचा भडका उडून चाळीसहून अधिक माणसे मेली. त्यांना कोणत्याही वाहनाची धडक बसली नव्हती. तरी तो वाहनाच्या वापरातूनच उद्भवलेला अपघात होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवले. अडचण असते ती मोटार शोधण्याची. येथेही पंपाचा कॅमेरा आणि दोन साक्षीदार हेच आधार. वाहन शेवटपर्यंत सापडलेच नाही, तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृत्यूस २ लाख आणि गंभीर दुखापतीस ५०,००० रुपये मिळतात. त्याचा अर्ज न्यायाधिकरणाकडे करावयाचा नसून महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, करावयाचा असतो.

निवाडा झाल्यावर कंपनीने ३० दिवसांत रक्कम भरावी असा नियम आहे. ती सगळी एकदम हातात पडेलच असे नाही. अज्ञान मुलांचा वाटा सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतो, आणि निरक्षर किंवा विधवा दावेदारांच्या रकमेचा मोठा भागही न्यायाधिकरण ठेवीत गुंतवून त्याचे व्याज त्यांच्या खात्यात जमा करण्यास सांगते. नातलगांना हा जाच वाटतो. पण शस्त्रक्रिया, शिक्षण, घर अशा खऱ्या गरजेसाठी ठेव मोडण्याची परवानगी अर्ज करून मागता येते. रक्कम अपुरी वाटली तर निवाड्याच्या तारखेपासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मात्र वादातली रक्कम एक लाख रुपयांहून कमी असेल, तर ती वाट बंद आहे.